मासा खरंच पेटीएवढाच वाढतो का?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहराने नागरिकांना विनंती केली की घरातले गोल्डफिश तळ्यांत सोडू नका. सोबत केलर लेक या तळ्यात सापडलेल्या गोल्डफिशचे फोटो होते. एकेक मासा दोन्ही हातांनी धरावा लागत होता. पुढच्या वर्षी चीनमधल्या रुझोऊ शहरात बागेतल्या तळ्याचं पाणी जवळजवळ महिनाभर उपसलं गेलं, कारण त्यात मगरीसारख्या जबड्याचा मासा दिसला होता. शेवटी दोन ॲलिगेटर गार हाती लागले. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात साफसफाई चालू असताना तोच मासा निघाला. ॲलिगेटर गार मूळचा उत्तर अमेरिकेतला. अडीच मीटरच्या आसपास वाढतो. चीनमध्ये किंवा काश्मीरमध्ये तो आपणहून पोहोचणं शक्य नाही. त्याला कुणीतरी आणलं, आणि पुढे कधीतरी तो पाण्यात गेला.

अशा बातम्यांत पकडलेल्या माशाचा फोटो असतो. त्या आधीची गोष्ट बहुतेकदा एखाद्या घरातल्या काचेच्या पेटीत घडलेली असते आणि ती फार साधी असते. कुणीतरी बोटाएवढा मासा हौसेने आणला, त्याला प्रेमाने खायला घातलं आणि तो वाढत गेला. या साऱ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: मासा पेटीएवढाच वाढतो, पेटी लहान असली की तो लहान राहतो. ही समजूत चुकीची आहे. ती कशी चुकीची आहे आणि तरीही खरी का वाटते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

दुकानात दिसतं ते पिल्लू असतं

कुत्र्याचं पिल्लू पाहिलं की ते मोठं होणार हे कुणाला सांगावं लागत नाही. माशाच्या बाबतीत तसं होत नाही, कारण माशाचं पिल्लू आणि लहान जातीचा पूर्ण वाढलेला मासा यांतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही. चार सेंटिमीटरचा निऑन टेट्रा म्हणजे पूर्ण वाढलेला मासा. शेजारच्या पेटीतला चार सेंटिमीटरचा ऑस्कर म्हणजे काही आठवड्यांचं पिल्लू. दोघे दिसतात सारखेच. शिवाय पिल्लं पिशव्यांत भरून दूरवर पाठवायला सोपी, म्हणून विक्रीला मुख्यतः तीच येतात.

ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला. माणसाला ओळखतो, हातातून खातो, म्हणून लोकांना त्याचा फार लळा लागतो. चांगलं पाणी आणि खाणं मिळालं तर सुरुवातीचे काही महिने तो महिन्याला दोन ते अडीच सेंटिमीटर वाढतो. पूर्ण वाढ ३० ते ३५ सेंटिमीटर, आयुष्य १० ते १५ वर्षं.

काच साफ ठेवतो म्हणून जो घेतला जातो तो सकर मासा. सहा-सात सेंटिमीटरचं पिल्लू येतं, ४० ते ५० सेंटिमीटरचा चिलखती मासा होतो. मोठेपणी तो शेवाळ खरवडण्यात फारसा रस घेत नाही आणि स्वतःच इतकी घाण करतो की ज्या कामासाठी आणला तेच काम वाढतं.

‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी, चपळ मासा शार्क नाही, तो पंगस. मेकाँग आणि चाओ फ्राया या मोठ्या नद्यांमधला हा मासा थव्याने राहतो आणि विणीसाठी नदीतून शेकडो किलोमीटर प्रवास करतो. त्याची नोंदलेली कमाल लांबी १३० सेंटिमीटर आणि वजन ४४ किलो आहे. मत्स्यशेतीसाठी त्याची प्रचंड प्रमाणात पैदास होते, त्यामुळे पिल्लांना तोटा नाही. मला विचाराल तर घरच्या पेटीत सगळ्यात जास्त हाल या माशाचे होतात. तो मुळात भित्रा. कुणी जवळून गेलं की जीव तोडून पळतो आणि काचेवर तोंड आपटून घेतो. नाक सोललेले, एका कोपऱ्यात थिजलेले पंगस अनेक पेट्यांत दिसतात.

रेडटेल कॅटफिशची पांढऱ्या पट्ट्याची, लाल शेपटीची पिल्लं खरोखर देखणी असतात. ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांमधला हा मासा एक मीटरच्या पुढे जातो आणि तोंडात मावेल तो शेजारी सबंध गिळतो. रूपचंद, म्हणजे पाकू, पाऊण मीटरपर्यंत वाढतो. अरोवाना तेवढाच किंवा त्याहून लांब, शिवाय उडी मारून झाकण उचकटणारा.

आणि गोल्डफिश. सगळ्यात लहान पेटीत, बहुतेकदा गोल भांड्यात ठेवला जाणारा हा मासा खरं तर कार्प कुळातला आहे. लांबट देहाचा साधा गोल्डफिश २० ते ३० सेंटिमीटर सहज होतो. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ मध्ये बक्षीस म्हणून जिंकला गेला आणि १९९९ मध्ये मेला. म्हणजे ४३ वर्षं जगला. भांड्यातला गोल्डफिश वर्ष-दोन वर्षांत मरतो तेव्हा लोकांना वाटतं की याचं आयुष्यच तेवढं.

मासे वाढायचे कधी थांबतात?

माणसाच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. वयात आल्यावर त्या बुजतात आणि उंची थांबते. बहुतेक माशांत अशी पक्की सीमा नसते. वयात आल्यावर वेग खूप मंदावतो, पण वाढ आयुष्यभर थोडी थोडी चालू राहू शकते.

याचा अर्थ निऑन टेट्रा एक दिवस फूटभर होईल असा नाही. प्रत्येक जातीची ढोबळ मर्यादा तिच्या आनुवंशिकतेत ठरलेली असते. अन्न, पाण्याचं तापमान, ऑक्सिजन आणि स्वच्छता यांवर ठरतं ते एवढंच की मासा त्या मर्यादेपर्यंत किती लवकर आणि कितपत पोहोचेल. पेटीची लांबी-रुंदी मोजून तिच्याप्रमाणे देह बेतणारी कोणतीही सोय माशाच्या शरीरात नाही.

मग लहान पेटीतला मासा लहान राहतो, हे डोळ्यांनी दिसतं त्याचं काय?

हा आक्षेप रास्त आहे, कारण असे मासे खरोखर दिसतात. दोन फुटी पेटीत चार वर्षांचा आणि जेमतेम १५ सेंटिमीटरचा ऑस्कर सापडतो. तो लहान राहिलाय हे खरंच. प्रश्न आहे तो कशामुळे राहिलाय याचा.

पहिलं कारण पाणी. मासे नत्राची टाकाऊ द्रव्यं मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात, आणि अमोनिया विषारी असतो. फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक, ते रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते पेटीत साचत राहतं. ते कमी होतं ते पाणी बदलल्यावर, किंवा भरपूर वनस्पती असतील तर थोडंफार त्यांच्यामुळे. माशाच्या मानाने पाणी कमी असलं की नायट्रेट सतत चढं राहतं आणि अशा पाण्यात वाढ खुंटते.

दुसरं कारण ताण. वळायला जागा नाही, लपायला जागा नाही, भांडखोर शेजारी सुटत नाही, अशा स्थितीत माशाच्या शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दीर्घकाळ चढं राहतं. त्याने भूक कमी होते, रोगांशी लढण्याची ताकद घटते आणि वाढीसाठी लागणारी शक्ती जगून राहण्यातच खर्च होते. पोहायला अंतर नसलं की स्नायूही भरत नाहीत.

उपासमारीने एखादं मूल खुजं राहिलं, तर घर लहान होतं म्हणून ते बेतानेच वाढलं असं आपण म्हणत नाही. माशाबद्दल मात्र हेच वाक्य आपण सहज म्हणतो.

रोहू-कटलाची शेती करणाऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या बाजूने माहीत असते. माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कधी कधी मुद्दाम दाट गर्दीत आणि कमी खाद्यावर काही महिने ते वर्षभर ठेवतात. ती लहानच राहतात. मग ती मोकळ्या तळ्यात सोडली आणि पोटभर खाद्य दिलं की झपाट्याने वाढतात, जणू राहिलेली बाकी वसूल करतात. म्हणजे गर्दीने आणि कमी खाण्याने वाढ दाबली जाते, पण जातीचा मूळ आकार बदलत नाही. दाब निघाला की देह पुन्हा आपल्या वाटेला लागतो. तळ्यात सोडलेला ‘छोटासा’ गोल्डफिश दोन्ही हातांनी धरावा लागण्याएवढा होतो, तोही याच नियमाने.

यावर कुणी म्हणेल, की मग खुंटवण्यात अपाय काय? शेतीतली खुंटलेली बोटुकली थोड्या काळासाठी तशी ठेवतात, पुढे मोकळं करायच्या हिशेबानेच. घरातला मासा आयुष्यभर तसाच राहतो. दीर्घकाळ वाईट पाण्यात आणि अपुऱ्या खाण्यावर राहिलेल्या माशांत पाठीचा कणा वाकडा होणं, पोट खपाटीला जाणं, पंख कुरतडल्यासारखे होणं असं दिसतं. ऑस्करसारख्या माशांच्या डोक्यावर खड्डे पडू लागतात. एक खूण फारशी कुणी बघत नाही, ती म्हणजे डोळे. खुंटलेल्या माशाचे डोळे देहाच्या मानाने मोठे वाटतात, कारण देह मागे पडला तरी डोळ्यांची वाढ त्या प्रमाणात मागे पडत नाही.

इथे एका दुसऱ्या समजुतीबद्दलही सांगायला हवं. ‘लहान पेटीत बाहेरचा देह थांबतो, पण आतले अवयव वाढत राहतात आणि शेवटी मासा आतून फुटतो’ असं सांगितलं जातं. हेतू चांगला असेल, पण या दाव्याला भक्कम आधार नाही. खुंटलेला मासा अकाली मरतो तो साचलेलं विष, ताण आणि रोग यांनी. ही कारणं पुरेशी गंभीर आहेत. माशाची बाजू मांडायला भीतीदायक कथेची गरज नाही.

लांबी सहापट, वजन दोनशेपट

मोठ्या माशाची अडचण बहुतेकांना जागेची वाटते. खरी अडचण घनफळाची आहे आणि ती आकड्यांतच नीट दिसते.

देहाची ठेवण तीच ठेवून माशाची लांबी दुप्पट झाली, तर रुंदी आणि उंचीही दुप्पट होतात. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे वजन आठपट. पाच सेंटिमीटरचा ऑस्कर ३० सेंटिमीटरचा झाला की लांबी सहापट, पण वजन सहाचा घन, म्हणजे २१६ पट. मोठं शरीर दर ग्रॅममागे थोडं संथ चालतं. वजन दहापट झालं तर श्वास आणि टाकाऊ द्रव्यं साधारण सहापटीच्या आसपास वाढतात. त्या हिशेबाने २१६ पट वजनाचा मासा पूर्वीच्या सुमारे ७० पट घाण करतो आणि तेवढाच जास्त ऑक्सिजन मागतो. पेटीतलं पाणी मात्र एका लिटरनेही वाढलेलं नसतं.

म्हणूनच ‘माशाच्या अमुक लांबीला अमुक लिटर पाणी’ हे छापील गणित मोठ्या माशांना लागू पडत नाही. पाच सेंटिमीटरचे सहा मासे आणि ३० सेंटिमीटरचा एक मासा यांची एकूण लांबी सारखीच भरते, पण वजनाने तो एक मासा त्या सहांच्या ३६ पट असतो.

ऑक्सिजनचंही तसंच. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि पाणी तापलं की त्याहूनही कमी. मासा मुळातच काटकसरीच्या जगात जगतो. त्यात वरच्या तोंडाशी निमुळतं झालेलं गोल भांडं घेतलं, तर जिथून हवा पाण्यात शिरते तो पृष्ठभागच आपण लहान करून टाकतो.

मोठा फिल्टर बसवला तर?

उपयोग होतो, पण अर्धाच. चांगला फिल्टर अमोनियाचं नायट्रेट लवकर करतो. त्या नायट्रेटला बाहेर काढत नाही. ते काम बादलीने पाणी बदलण्याचंच. फिल्टर विकत आणला त्या दिवसापासून तो काम करतो असंही नाही. त्यातले जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आणि कितीही भारी फिल्टर लावला तरी पेटीची रुंदी वाढत नाही. ३० सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत ३० सेंटिमीटरचा मासा सरळ वळू शकत नाही. त्याला प्रत्येक वेळी देह मुडपून वळावं लागतं, दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षं.

खाणं कमी करणं हा उपाय नाही. बेताने खायला घालणं वेगळं, ते सगळ्याच माशांच्या भल्याचं असतं. मासा वाढू नये म्हणून त्याला अर्धपोटी ठेवणं ही जाणूनबुजून केलेली उपासमार आहे.

‘मोठा झाला की मोठी पेटी घेऊ’

हे म्हणणारे बहुतेक लोक मनापासून म्हणतात. म्हणून ती मोठी पेटी म्हणजे काय, हे आधीच मोजून बघायला हवं.

दोन फुटी पेटी साधारण ६० × ३० × ३० सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. एका ऑस्करसाठी निदान चार फुटी, १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरची पेटी लागते: २४३ लिटर. दोन ऑस्कर किंवा मोठा सकर सोबत ठेवायचा असेल तर सहा फुटी, १८० × ६० × ६० सेंटिमीटरची, म्हणजे ६४८ लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून ही पेटी आठशे किलोंच्या घरात जाते, आणि तो सगळा भार जेमतेम एक चौरस मीटर जमिनीवर येतो. राहत्या खोलीचा स्लॅब आखताना साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. तो खोलीभर पसरलेला धरलेला असतो, म्हणून जड पेटी ठेवली की लगेच स्लॅब खचेल असं नाही. भिंतीलगत, तुळईच्या वर ती पेलली जाऊ शकते. पण हा निर्णय अंदाजाने घेऊ नये, इमारतीचं गणित जाणणाऱ्या इंजिनिअरला विचारावं.

आता मीटरभर लांबीचा रेडटेल किंवा पंगस घ्या. लांबी माशाच्या चौपट, रुंदी दुप्पट, खोली मीटरभर असं किमान धरलं तरी ८,००० लिटर, आठ टन पाणी होतं. त्यातलं आठवड्याला एक तृतीयांश बदलायचं म्हणजे सुमारे २,७०० लिटर, तेही क्लोरीन काढून आणि योग्य तापमानाला आणून. ही मत्स्यालयाची पेटी राहिली नाही, हा हौद झाला. पंगस थव्याने राहणारा, म्हणजे तो एकटा ठेवणंही त्याच्यावर अन्याय. ज्यांच्याकडे असा हौद, पाणी आणि पुढची वीस वर्षं आहेत त्यांनी हे मासे जरूर पाळावेत. असे लोक आहेत आणि त्यांचे मासे सुरेख असतात. पण त्यांनी हौद आधी बांधलेला असतो.

वेळेचाही विचार करा. ऑस्कर पहिल्या वर्षातच बहुतेक लांबी गाठतो. पेटी ‘पुढे कधीतरी’ घ्यायची ठरवली, तर वाढीचा सगळ्यात महत्त्वाचा काळ जुन्या पेटीतच निघून जातो.

‘नाहीच जमलं तर तळ्यात सोडू, मोकळा तरी राहील’

हा विचार दयेतून येतो, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. सोडलेल्या माशाचं दोनपैकी एक काहीतरी होतं, आणि दोन्ही वाईट.

एक, तो मरतो. उष्ण प्रदेशातला मासा थंड पाण्यात गारठतो. आयतं खाणं मिळण्याची सवय झालेला मासा उपाशी राहतो. झळझळीत रंगाचा मासा पक्ष्यांना लांबूनही दिसतो.

दोन, तो जगतो. मग त्रास त्या पाण्यातल्या इतर जिवांना होतो. गोल्डफिश तळाचा चिखल ढवळून खातो. पाणी गढूळ होतं, पाणवनस्पती उपटल्या जातात, उजेड खाली पोहोचत नाही. तो बर्फाखालच्या, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही महिनोन् महिने तग धरू शकतो, कारण ऑक्सिजनशिवाय जगताना शरीरात साचणाऱ्या घातक लॅक्टिक आम्लाचं तो अल्कोहोलमध्ये रूपांतर करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ज्या तळ्यात बाकीचे मासे हिवाळ्यात गुदमरतात तिथे वसंतात हाच शिल्लक असतो. तो एका जागी बसतो असंही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या व्हॅस नदीत गोल्डफिशना माग काढणारी उपकरणं बसवून अभ्यास केला गेला, तेव्हा एका माशाने वर्षभरात २३० किलोमीटरहून जास्त हालचाल केल्याचं दिसलं. भांड्यात गोल गोल फिरणाऱ्या माशाची ही खरी कुवत.

सकर मासे आज मूळ प्रदेशाबाहेर अनेक देशांच्या नद्यांत पसरले आहेत. ते विणीसाठी काठाच्या मातीत बिळं करतात, काठ ढासळतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निओ जलाशयात तिलापियाची मासेमारी भरभराटीला आली होती. तिथे सकर इतके माजले की जाळी भरून तेच येऊ लागले आणि कोळ्यांचा धंदा बसला. त्यांच्या कडक काट्यांनी जाळीही फाटतात. पेटीतल्या माशासोबत त्याचे रोगही नदीत जातात. तिथल्या माशांनी ते कधी पाहिलेले नसतात. म्हणूनच अनेक देशांत परका मासा नैसर्गिक पाण्यात सोडणं कायद्याने गुन्हा आहे. कमोडमध्ये किंवा गटारात सोडणं यात वेगळं काही नाही, फक्त माशाचे हाल जास्त होतात.

असा मासा आधीच घरात असेल तर

सगळ्यात आधी एक सावधगिरी. हे वाचून आजच पेटीतलं सगळं पाणी उपसू नका. बरेच महिने न बदललेल्या पाण्याचा पीएच हळूहळू उतरलेला असतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, आणि उतरत्या पीएचमध्ये अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. त्यात एकदम भरपूर ताजं पाणी ओतलं की पीएच चढतो, साचलेला अमोनिया विषारी रूपात जातो आणि ‘पाणी बदललं आणि मासा मेला’ असं घडतं. दहा-पंधरा टक्के पाणी दर एक-दोन दिवसांनी, असं काही आठवडे बदलत जावं.

त्या काळात नवं घर शोधावं. विकत घेतलं त्या दुकानात परत घेतात का ते विचारावं. मोठ्या पेट्या किंवा हौद असलेल्या हौशी पाळणाऱ्यांना गाठावं. खाजगी तळं चालेल, पण ते बंदिस्त हवं. ज्याचं पाणी पावसाळ्यात ओसंडून ओढ्याला मिळतं ते बंदिस्त नव्हे. सार्वजनिक मत्स्यालयांकडून फार आशा ठेवू नये. त्यांच्याकडे रेडटेल आणि पाकू आधीच भरपूर असतात आणि घ्या म्हणणाऱ्यांची रीघ लागलेली असते. नवं घर मिळेपर्यंत जुन्या पेटीत नवा मासा आणू नये, आणि पेटीतले लहान मासे दुसरीकडे देता आले तर द्यावेत. प्रत्येक लहान मासा गेला की मोठ्याच्या वाट्याला थोडं पाणी येतं.

हलवताना मोठा मासा जाळीने उचलू नये. स्वतःच्या वजनाने त्याला इजा होते, आणि सकर किंवा कॅटफिश असेल तर काटे जाळीत अडकतात. पाण्यातच मोठा टब आडवा धरून मासा आत वळवावा आणि पाण्यासकट उचलावा. दोन माणसं लागतात. आधी एक-दोन दिवस खायला घालू नये, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही.

कधी कधी खरोखर काहीच सापडत नाही: मासा विद्रूप झालेला, आजारी, कुणी घ्यायला तयार नाही. तेव्हा पशुवैद्याकडून, भुलीच्या औषधाच्या जास्त मात्रेने त्याला वेदनेविना मरण देणं हा पर्याय असतो. हे लिहायला जड जातं, पण नदीत सोडण्यापेक्षा हे माशासाठीही आणि नदीसाठीही कमी क्रूर आहे. पाण्याबाहेर तडफडत ठेवणं किंवा जिवंत मासा फ्रीझरमध्ये ठेवणं हे मात्र कधीही करू नये.

घेण्याआधी विचारायचा प्रश्न

‘हा किती मोठा होतो?’ हा प्रश्न पुरत नाही, कारण उत्तर बहुतेकदा ‘पेटीवर अवलंबून’ असं मिळतं. माशाचं शास्त्रीय नाव विचारावं. बाजारातली नावं फसवतात. ‘शार्क’ या एका नावाखाली रेडटेल ब्लॅक शार्क मिळतो, जो १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. बाला शार्क मिळतो, जो ३५ सेंटिमीटर होतो. आणि पंगसही मिळतो. तिघेही दुकानात सारख्याच लांबीचे असू शकतात. शास्त्रीय नाव कळलं की फिशबेससारख्या माहितीकोशात त्या जातीची कमाल लांबी एका मिनिटात सापडते. पेटीची रुंदी त्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट, आणि लांबी निदान चौपट असेल, तर पुढचा विचार करावा. शास्त्रीय नाव विकणाऱ्यालाही माहीत नसेल तर मासा त्या दिवशी घेऊ नये.

साठ ते शंभर लिटरची पेटी असणाऱ्यांना निवड कमी नाही. सकरऐवजी ब्रिसलनोज घेता येतो. १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो आणि शेवाळ मोठेपणीही खातो. ऑस्करमधला तो ओळख दाखवणारा, पिल्लं सांभाळणारा स्वभाव आवडत असेल तर त्याच कुळातले आपिस्टोग्रामा सात-आठ सेंटिमीटरचे असतात आणि पिल्लांना तितक्याच जिवापाड जपतात. थव्याची हौस असेल तर झेब्रा डॅनिओ किंवा चेरी बार्ब; दोघेही पाच सेंटिमीटरच्या आसपास राहतात. आठ-दहा जणांचा थवा अशा पेटीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरधाव पोहतो, पाठलाग करतो, मादीसमोर रंग दाखवतो. गोल्डफिशच हवा असेल तर गोल भांड्याचा विचार सोडून द्यावा. गोलमटोल जातींसाठीही शंभर-दीडशे लिटरपासून सुरुवात करावी, आणि लांबट साध्या गोल्डफिशला अंगणातला हौदच द्यावा.